चित्रमालिकेचा व्हिडिओ कमांड लाइनवरून: वेग, रंग, आकार आणि गळणाऱ्या फ्रेम्स

सावकाश

मंडळी, एका ॲनिमेशनची १४४० पीएनजी चित्रं तयार आहेत, चित्र_०००१ पासून चित्र_१४४० पर्यंत. काठ कापून घेतल्यामुळे प्रत्येकाचा आकार १९१९ × १०७९ आहे. सेकंदाला २४ फ्रेम्स या वेगाने बरोबर ६० सेकंदांची फिल्म व्हायला हवी. एफएफएमपेग (व्हिडिओ बनवणारा कमांड लाइन प्रोग्रॅम) वापरून सध्याची कमांड अशी:

एफएफएमपेग -आय चित्र_%०४डी.पीएनजी -आर २४ -सी:व्ही लिबएक्स२६४ फिल्म.एमपी४

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहे; टंकताना अक्षरं आणि आकडे रोमन घ्यायचे. प्रतिसादांतही हीच पद्धत ठेवू या.)

तीन अडचणी आहेत. फिल्म ६० ऐवजी साडेसत्तावन्न सेकंदांच्या आसपास भरते आणि कॅमेरा सरकताना दर सेकंदाला एक बारीक झटका जाणवतो. संगणकावर ती चालते, पण फोनवर उघडत नाही. आणि मूळ चित्रातला लाल रंग व्हिडिओत नारिंगीकडे झुकलेला दिसतो. सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला दर्जा) कमी करून पाहिलं, यातलं काहीच बदललं नाही.

---

टर्मिनलकर

सीआरएफचा इथे काही संबंध नाही. पहिली अडचण पूर्णपणे -आर च्या जागेमुळे आहे.

एफएफएमपेगमध्ये एखादा पर्याय ज्या फाइलच्या आधी लिहिला असेल, त्या फाइलला लागू होतो. तुम्ही -आय च्या आधी वेग सांगितलेलाच नाही, म्हणून चित्रं वाचताना त्याने स्वतःचा ठरलेला वेग धरला: सेकंदाला २५. १४४० भागिले २५ म्हणजे ५७.६ सेकंद. मग आउटपुटच्या आधीचं -आर २४ त्याला सांगतं की याच ५७.६ सेकंदांत २४ च्या वेगाने फ्रेम्स बसव. ५७.६ × २४ म्हणजे सुमारे १३८२ फ्रेम्स. उरलेल्या ५८ च्या आसपास फ्रेम्स टाकून दिल्या जातात, साधारण दर पंचविसांत एक. तुम्हाला जो झटका दिसतोय तो म्हणजे ही गाळलेली फ्रेम.

उपाय: -आर काढा आणि -आय च्या आधी -फ्रेमरेट २४ लिहा. मग एकही फ्रेम गळत नाही.

---

निळीशाई

वरच्या प्रतिसादाला +१. पर्यायांच्या जागेबद्दल आणखी एक: एकाच आउटपुटसाठी -व्हीएफ (व्हिडिओ फिल्टरचा पर्याय) दोनदा लिहिलं तर फक्त शेवटचं चालतं. फिल्टर कितीही असले तरी ते एकाच -व्हीएफ मध्ये स्वल्पविरामाने जोडायचे.

---

पिक्सेलपारखी

फोनचं उत्तर. पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र लाल, हिरवा, निळा असतो. काही सांगितलं नाही तर लिबएक्स२६४ (एच.२६४ चा एन्कोडर) त्यातला रंगाचा तपशील पूर्ण ठेवून वाययूव्ही४४४पी (उजळपणा आणि रंग वेगळे ठेवणारी मांडणी) बनवतो. तो एच.२६४ च्या हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह प्रोफाइलमध्ये जातो, आणि फोन-टीव्हीमधल्या बहुतेक हार्डवेअर डीकोडरना हे प्रोफाइल वाचता येत नाही. संगणकावरचे प्लेअर सॉफ्टवेअरने डीकोड करतात म्हणून तिथे चालतं. उपाय ठरलेला आहे: -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी.

पण तो लिहिलात की लगेच दुसरी चूक समोर येईल: रुंदीला दोनने भाग जात नाही. ४:२:० मध्ये, म्हणजे वाययूव्ही४२०पी मध्ये, दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाचा एकच नमुना असतो, त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही सम असावी लागतात. तुमच्या आकारात दोन्ही विषम आहेत.

इथे बरेचजण स्केल=ट्रंक(आयडब्ल्यू/२)*२:ट्रंक(आयएच/२)*२ लिहून मोकळे होतात. त्याने चूक जाते, पण एका पिक्सेलसाठी संपूर्ण चित्र नव्याने मोजलं जातं आणि बारीक रेषा, अक्षरं किंचित मऊ पडतात. त्यापेक्षा पॅड चांगला: पॅड=सील(आयडब्ल्यू/२)*२:सील(आयएच/२)*२. मूळ पिक्सेल जसेच्या तसे राहतात, उजवीकडे आणि खाली एकेक काळी रेघ वाढते. तुमच्या बाबतीत तर आकार नेमका १९२० × १०८० होईल. काळी रेघ खटकत असेल तर क्रॉप वापरून १९१८ × १०७८ करा.

---

रात्रदिवा

सगळं बरोबर, पण मी क्रम उलटा ठेवेन. कमांडला हात लावण्याआधी फाइली तपासा. मालिकेतला एखादा क्रमांक नसेल तर एफएफएमपेग तिथेच थांबतो आणि त्यापुढची चित्रं येत नाहीत. व्हिडिओ तयार होतो, चालतोही, पण अर्धवट. रेंडर मध्येच बंद पडलं असेल तर शून्य बाइटची फाइलही राहून जाते. लिनक्स-मॅकवर एवढं पुरतं:

फॉर एफ इन $(सेक -एफ 'चित्र_%०४जी.पीएनजी' १ १४४०); डू [ -एस "$एफ" ] || एको "$एफ"; डन

नसलेली किंवा रिकामी फाइल असेल तिचं नाव छापलं जातं. काहीच छापलं नाही तर मालिका सलग आहे. सेकच्या नमुन्यात शेवटी जी आहे, डी नाही, इकडे लक्ष द्या.

सुरुवातीचा क्रमांकही बघा. एफएफएमपेग पहिली फाइल फक्त ० ते ४ या क्रमांकांत शोधतो. मालिका १०१ पासून सुरू होत असेल तर फाइलच सापडत नाही म्हणून तक्रार येते. त्यासाठी -आय च्या आधी -स्टार्ट_नंबर १०१ लिहायचं.

हाच पर्याय चाचणीलाही उपयोगी आहे. पूर्ण फिल्म एन्कोड करण्याआधी -स्टार्ट_नंबर ७०० आणि आउटपुटच्या आधी -फ्रेम्स:व्ही १०० लिहून मधला तुकडा काढून बघा. सुरुवातीच्या फ्रेम्स बहुतेक वेळा काळ्या किंवा स्थिर असतात, त्यांवरून काहीच कळत नाही.

---

पानगळ

क्रमांक तुटलेले असतील तर ग्लोब (नमुन्यात बसणाऱ्या सगळ्या फाइली घेणारी पद्धत) वापरता येत नाही का? -पॅटर्न_टाइप ग्लोब -आय '*.पीएनजी'. त्याला क्रमांकांशी देणंघेणं नसतं.

---

टर्मिनलकर

@पानगळ, येतो वापरता. दोन पथ्यं मात्र पाळायची.

एक, अवतरणचिन्हं सोडू नका. ती नसतील तर ताऱ्याचा विस्तार शेलच करतो, आणि एफएफएमपेगला दिसतं असं: -आय पहिलं.पीएनजी दुसरं.पीएनजी तिसरं.पीएनजी … फिल्म.एमपी४. म्हणजे पहिलं चित्र इनपुट आणि बाकीची सगळी आउटपुट! तो दुसऱ्या चित्रावर लिहू का असं विचारतो. सवयीने हो म्हटलं किंवा कमांडमध्ये -वाय असेल तर मूळ चित्रं जातात.

दोन, ग्लोब नावांचा क्रम अक्षरानुसार लावतो. क्रमांकांपुढे शून्यं भरलेली नसतील तर १, १०, ११, २ असा क्रम लागतो आणि फिल्म मागेपुढे उड्या मारते.

---

रात्रदिवा

आणि रेंडरच्या मालिकेत ग्लोब वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. नसलेली फ्रेम तो मुकाट्याने ओलांडतो. व्हिडिओ पूर्ण वाटतो, पण मध्ये एक उडी असते आणि तिथून पुढचा आवाज एका फ्रेमने सरकलेला असतो. %०४डी निदान थांबतो तरी, त्यामुळे काहीतरी चुकलंय हे कळतं. गहाळ फ्रेम पुन्हा रेंडर करा. ते शक्य नसेल तर आधीच्या फ्रेमची प्रत त्या नावाने ठेवा, म्हणजे पुढचं वेळापत्रक हलत नाही.

---

खिडकी

विंडोजवाल्यांसाठी: तिथल्या नेहमीच्या बांधणीत ग्लोब चालत नाही. आणि कमांड बॅच फाइलमध्ये टाकली की % एकदा लिहून भागत नाही, %%०४डी असं दुहेरी लिहावं लागतं. तीच कमांड थेट खिडकीत टंकली तर एकदाच. चालणारी कमांड बॅच फाइलमध्ये टाकल्यावर बंद पडते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

---

पानगळ

प्रत्येक चित्र वेगवेगळा वेळ दाखवायचं असेल तर? म्हणजे पहिलं ३ सेकंद, दुसरं ५.

---

खिडकी

त्याला कॉन्कॅट डीमक्सर, म्हणजे यादीतल्या फाइली एकापुढे एक जोडून वाचणारा भाग. साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत फाइल 'अ.पीएनजी', पुढच्या ओळीत ड्युरेशन ३, मग फाइल 'ब.पीएनजी', ड्युरेशन ५, असं लिहीत जायचं. शेवटच्या चित्राची फाइल-ओळ ड्युरेशननंतर पुन्हा एकदा लिहा, नाहीतर ते चित्र क्षणभरच दिसतं. मग:

एफएफएमपेग -एफ कॉन्कॅट -सेफ ० -आय यादी.टीएक्सटी -व्हीएफ एफपीएस=२५,फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी फिल्म.एमपी४

एफपीएस=२५ मुद्दाम आहे. कित्येक सेकंदांना एकच फ्रेम असलेल्या व्हिडिओत काही प्लेअर अडकतात, किंवा पुढे-मागे सरकवताना चुकीचं चित्र दाखवतात. तीच फ्रेम पुन्हा पुन्हा आली तर एक्स२६४ ला तिच्यावर जवळजवळ काहीच बिट खर्च करावे लागत नाहीत, त्यामुळे फाइल फुगत नाही.

चित्रं वेगवेगळ्या आकाराची असतील तर सगळी पहिल्या चित्राच्या आकारात ताणली जातात. ते टाळायला फिल्टरची साखळी अशी: स्केल=१९२०:१०८०:फोर्स_ओरिजिनल_आस्पेक्ट_रेशो=डिक्रीज,पॅड=१९२०:१०८०:(ओडब्ल्यू-आयडब्ल्यू)/२:(ओएच-आयएच)/२,सेटएसएआर=१.

---

झूमलेन्स

सावकाश यांची तिसरी अडचण राहिली. रंगांसाठी आउटपुटच्या आधी -कलरस्पेस बीटी७०९ लिहा, झालं.

---

पिक्सेलपारखी

@झूमलेन्स, तेवढ्याने झालंच असं नाही. इथे दोन वेगळी कामं आहेत: रंगांचं गणित करणं, आणि कोणतं गणित केलं याची नोंद फाइलमध्ये ठेवणं.

आरजीबीवरून वाययूव्हीत जाताना काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग बीटी.६०१ चे (जुन्या एसडी व्हिडिओच्या प्रमाणाचे) गुणांक वापरतो. एचडी आकाराचा व्हिडिओ दिसला आणि त्यात नोंद नसली की प्लेअर बीटी.७०९ (एचडीचं प्रमाण) गृहीत धरतो. एका गुणांकाने बांधलेलं दुसऱ्याने सोडवलं की शुद्ध लालात सुमारे १० टक्के हिरवा मिसळतो, म्हणून तो नारिंगी दिसतो. शुद्ध हिरवा साधारण १५ टक्क्यांनी गडद होतो. काळा, पांढरा, राखाडी यांना धक्का लागत नाही, आणि निदानाची खूण हीच. राखाडी ठीक पण रंग सरकलेले असतील तर गुणांकांचा घोळ. काळा धुरकट दिसत असेल किंवा गडद भागातला तपशील बुडाला असेल, तर पूर्ण आणि मर्यादित पल्ल्याचा घोळ, म्हणजे ०–२५५ विरुद्ध १६–२३५.

एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांत -कलरस्पेस फक्त नोंद करतो, गणित ६०१ चंच राहतं. मग ७०९ ची नोंद लावलेला ६०१ चा व्हिडिओ मिळतो. ७.० पासून फिल्टर आणि कोडेक रंगमांडणी आपसांत ठरवू लागले, त्यामुळे तिथे वागणं वेगळं आहे. दोन्हीकडे चालावं म्हणून मी सगळं उघड लिहितो. फिल्टरमध्ये स्केल=आउट_कलर_मॅट्रिक्स=बीटी७०९:आउट_रेंज=टीव्ही,फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी आणि त्याच्या पुढे -कलरस्पेस बीटी७०९ -कलर_प्रायमरीज बीटी७०९ -कलर_टीआरसी बीटी७०९. फॉरमॅट हा स्केलच्या लगेच नंतर हवा, म्हणजे रूपांतर त्याच स्केलमध्ये होतं.

---

झूमलेन्स

पटलं. राखाडीची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

टाइमलॅप्सवाल्यांसाठी थोडं. कॅमेऱ्याचे ६००० × ४००० चे फोटो तसेच एच.२६४ मध्ये घालू नका, फोनवर चालणार नाहीत. बरं, रुंदी ३८४० केली म्हणून सुटका होतेच असं नाही. ३:२ चं प्रमाण ठेवलं तर आकार ३८४० × २५६० होतो. १६ × १६ च्या ब्लॉकमध्ये मोजलं तर २४० × १६० म्हणजे ३८४००, आणि एच.२६४ च्या लेव्हल ५.१ व ५.२ ची (डीकोडरच्या क्षमतेच्या पायऱ्यांची) मर्यादा ३६८६४ आहे. ३८४० × २१६० ला ३२४०० लागतात, ते बसतं. म्हणून आधी १६:९ कापा, मग लहान करा: क्रॉप=आयडब्ल्यू:आयडब्ल्यू*९/१६,स्केल=३८४०:२१६०:फ्लॅग्ज=लँक्झोस.

दिवसाउजेडीच्या टाइमलॅप्समध्ये उजेड फ्रेमागणिक फडफडतो. त्यावर डीफ्लिकर फिल्टर आहे: डीफ्लिकर=साइझ=१०. तो शेजारच्या फ्रेम्सच्या उजळपणाची सरासरी धरतो. साइझ फार वाढवली तर खरोखरच ढगाआड गेलेला सूर्यही सपाट होऊन जातो, तेव्हा १० च्या आसपास सुरुवात करून बघत जा.

काही कॅमेऱ्यांत क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. तशी मालिका नावाने लावली की शेवट आधी येतो. एक्झिफटूलने फोटोतल्या वेळेनुसार नावं बदलून घ्या, तीही प्रतींवर.

---

हळदीउन्हं

एवढं सगळं करण्यापेक्षा इमेजमॅजिकने (चित्रं हाताळणारा प्रोग्रॅम) थेट नाही का होत? चित्रं दिली, फिल्मचं नाव दिलं.

---

रात्रदिवा

मोठ्या मालिकेला नको. ते आधी सगळी चित्रं स्मृतीत उघडतं. १६-बिट बांधणीत दर पिक्सेलला चार वाहिन्या धरून ८ बाइट, म्हणजे ६००० × ४००० चा एक फोटो १९२ एमबी. ५०० फोटोंना ९६ जीबी. रॅम संपली की ते डिस्कवर लिहायला लागतं आणि यंत्र जागच्या जागी अडकतं. शिवाय व्हिडिओ बनवण्यासाठी ते शेवटी एफएफएमपेगलाच बोलावतं.

एकेक चित्र सुधारायला मात्र इमेजमॅजिक उत्तम. आडवे-उभे मिसळलेले फोटो -ऑटो-ओरिएंट ने सरळ करून घ्यावेत. त्याची मॉग्रिफाय कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून -पाथ देऊन निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.

---

पानगळ

सीआरएफ किती ठेवायचा? कुणी १८ म्हणतं, कुणी २३.

---

टर्मिनलकर

एक्स२६४ ला मूळ मूल्य २३ आहे, एक्स२६५ ला २८. आकडा ६ ने वाढला की फाइल साधारण निम्मी होते, ६ ने उतरला की दुप्पट. सपाट रंगाच्या आकाशात किंवा धुक्यात पट्टे दिसायला लागले तर १८ किंवा १६ वर या. प्रीसेट दर्जा ठरवत नाही. त्याच दर्जाला किती वेळ आणि किती जागा लागेल ते ठरवतो. स्लो पुरेसा आहे, व्हेरीस्लोने वेळ बराच वाढतो आणि फायदा थोडा. ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरला सीआरएफ लागूच नाही. एनव्हीईएनसीला (एनव्हिडियाचा एन्कोडर) -सीक्यू आहे, आणि त्याचा आकडा एक्स२६४ च्या आकड्याशी जुळवू नका.

पण चित्रं पुसून टाकायची असतील तर कुठलाही सीआरएफ पुरत नाही. तेव्हा एफएफव्ही१, म्हणजे काहीही न गमावणारा कोडेक: -सी:व्ही एफएफव्ही१ -लेव्हल ३ -स्लाइससीआरसी १, एमकेव्ही फाइलमध्ये. हा आरजीबी जसाच्या तसा ठेवतो, आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज-तपासणी फाइलमध्येच असते. पुसण्याआधी मालिकेवर आणि एमकेव्हीवर वेगवेगळं -पिक्स_एफएमटी आरजीबी२४ -एफ एमडी५ - चालवून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहा. पिक्सेल फॉरमॅट सांगायलाच हवा, कारण आतली मांडणी वेगळी असते आणि तो नसेल तर चित्र तेच असूनही आकडे जुळत नाहीत. हे ८-बिट, पारदर्शकता नसलेल्या पीएनजीसाठी. १६-बिट असतील तर आरजीबी४८एलई.

---

सावकाश

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्याची कमांड:

एफएफएमपेग -फ्रेमरेट २४ -आय चित्र_%०४डी.पीएनजी -व्हीएफ "पॅड=सील(आयडब्ल्यू/२)*२:सील(आयएच/२)*२,स्केल=आउट_कलर_मॅट्रिक्स=बीटी७०९:आउट_रेंज=टीव्ही,फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी" -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १६ -प्रीसेट स्लो -कलरस्पेस बीटी७०९ -कलर_प्रायमरीज बीटी७०९ -कलर_टीआरसी बीटी७०९ -मूव्हफ्लॅग्ज +फास्टस्टार्ट फिल्म.एमपी४

एफएफप्रोबला (एफएफएमपेगसोबतचं तपासणीचं साधन) -काउंट_फ्रेम्स देऊन एनबी_रीड_फ्रेम्स काढलं: १४४०. लांबी ६० सेकंद. फोनवर चालते, लाल लालच आहे.

आता शेवटचं शीर्षक पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजींचं आहे. तेही असंच करायचं का?

---

पिक्सेलपारखी

नाही, या कमांडमध्ये पारदर्शकता निघून जाते. अल्फा वाहिनी सरळ टाकून दिली जाते आणि तिच्याखाली जे रंग साठवलेले असतील ते उघडे पडतात. बऱ्याचदा ते काळे असतात, पण काही प्रोग्रॅम तिथे पांढरे किंवा अक्षरांच्या कडांचे रंग ठेवतात, आणि अक्षरांभोवती दातेरी कडा दिसते.

शीर्षक पुढे संपादनात दुसऱ्या व्हिडिओवर बसवायचं असेल तर पारदर्शकता सांभाळणारा कोडेक प्रोरेस ४४४४: -सी:व्ही प्रोरेस_केएस -प्रोफाइल:व्ही ४४४४ -पिक्स_एफएमटी वाययूव्हीए४४४पी१०एलई, फाइल एमओव्ही. रंगांचा स्केल इथेही लागतो, फक्त फॉरमॅटमध्ये हेच नाव घाला.

आणि शीर्षक थेट या फिल्मवरच बसवायचं असेल तर मधली फाइल करूच नका. पीएनजी मालिका दुसरं इनपुट म्हणून द्या, तिच्याही -आय च्या आधी -फ्रेमरेट २४ लिहा, आणि -फिल्टर_कॉम्प्लेक्स मध्ये ओव्हरले वापरा. दुसऱ्या इनपुटला वेग सांगायचा राहिला तर ते पुन्हा २५ धरेल. मूळ चित्रांची मालिकाच पहिलं इनपुट ठेवा, तयार एमपी४ नको, म्हणजे एन्कोडिंग एकदाच होतं.